बचत गटाच्या महिलांना माऊस शिकवताना शब्द कोणते वापरावेत?

ताई, आपल्या प्रश्नाचा मथितार्थ आधी मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर आपल्याला लगेच कळेल. गावच्या वाचनालयाला दोन जुने डेस्कटॉप संगणक मिळाले आहेत आणि बचत गटाच्या दहा महिलांना ते शिकवण्याचे काम आपल्याकडे आले आहे. आपण मेहनतीने मूषक (माऊस), टिचकी (क्लिक), कळफलक (कीबोर्ड), धारिका (फाइल), पटल (स्क्रीन) अशा चाळीस शब्दांची यादी केली आणि ती त्यांच्याकडून पाठही करून घेतली. यादी सगळ्यांना म्हणता येते, पण संगणकापुढे बसल्यावर एकीलाही फोल्डर उघडता येत नाही. म्हणून आपण तीन गोष्टी विचारता: शब्द मराठी ठेवावेत की इंग्रजी, शिकायला किती दिवस लागतील, आणि गटातल्या एक काकू डावखुऱ्या आहेत त्यांचे काय करावे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २००३ पासून संगणकाचे वर्ग घेतो. आपण केलेली यादी वाचून मला हसू आले नाही, कारण तशीच यादी मी माझ्या पहिल्या दोन वर्षांत केली होती. तेव्हा राज्यात एमएस-सीआयटी सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती, आणि संगणक शिकणे म्हणजे व्याख्या पाठ करणे असा माझाही समज होता. ‘माऊस हे एक निविष्टी साधन (इनपुट डिव्हाइस) आहे’ हे वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून पैकीच्या पैकी गुण घेतलेला एक मुलगा प्रत्यक्ष संगणकापुढे बसला, माऊस दोन्ही हातांनी धरला आणि टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे रोखून बटण दाबू लागला. त्याची यात काही चूक नव्हती. निविष्टी साधन कसे धरायचे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

तेव्हा आपली अडचण मराठी की इंग्रजी ही नाही, असे मला वाटते. हाताने जी गोष्ट अजून केलेलीच नाही तिचे नाव आधी पाठ करून घेतले, तर ते नाव कोणत्याही भाषेतले असले तरी तोंडातच राहते. आपल्या महिलांना टिचकी म्हणजे क्लिक हे माहीत आहे, पण क्लिक म्हणजे काय हे माहीत नाही, आणि हा फरक यादीतून भरून निघत नाही.

अर्थात बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपल्या संगणकांवर विंडोजची कोणती आवृत्ती आहे, महिलांपैकी कितींना चाळिशी लागली आहे आणि त्या चष्मा घालून येतात का, वीज कोणत्या वेळी असते, वर्ग कापूस वेचणीच्या हंगामात आहे की उन्हाळ्यात, या प्रत्येक गोष्टीने उत्तर थोडे बदलते. पण शब्दांच्या बाबतीत एक नियम मी गेली अनेक वर्षे पाळतो आणि तो सहसा फसत नाही. वस्तूचे नाव पडद्यावर आणि लोकांच्या तोंडी जे आहे तेच घ्यावे, आणि क्रियापद मात्र शिकणारीच्या रोजच्या बोलण्यातले घ्यावे. म्हणजे माऊस, फोल्डर, फाइल, आयकॉन, मेनू ही नावे तशीच राहू द्यावीत, कारण बँकेत, सेतू केंद्रात आणि घरातल्या कॉलेजच्या मुलीच्या तोंडी हेच शब्द आहेत. उद्या कोणी ‘ती फाइल फोल्डरमध्ये टाका’ म्हणाले, तर धारिका शिकलेल्या बाईंना ते कळणार नाही. पण ‘ड्रॅग करा’, ‘स्क्रोल करा’, ‘सिलेक्ट करा’ असे न म्हणता ‘धरून ओढा’, ‘चाक आपल्याकडे फिरवा’, ‘त्याच्यावर एकदा दाबून ते निवडा’ असे म्हणावे. हातांना आज्ञा क्रियापदाने मिळते, आणि ती आज्ञा आपल्या भाषेत असली तर हात चटकन हलतो. नाव काय, ते ऐकून ऐकून पाठ होतेच. गावात ट्रॅक्टर आला तेव्हा त्याचा मराठी शब्द कोणी शोधला नाही, पण तो ‘हाकला’ आणि ‘जुंपला’ मात्र आपल्याच भाषेत.

आता हाताकडे येतो, कारण खरा वेळ तिथेच जातो. पहिल्या दिवशी कोणताही शब्द न सांगता माऊस फक्त टेबलावर सरकवू द्यावा आणि पडद्यावरचा बाण बघू द्यावा. नजर हातावर न ठेवता पडद्यावर ठेवणे हीच पहिली परीक्षा असते आणि तिला पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात. थोड्या वेळाने हमखास एक प्रसंग येतो. माऊस टेबलाच्या कडेला पोहोचतो, बाण मात्र पडद्याच्या मध्यावरच असतो, आणि बाई हात अवघडून थांबतात. मागे एका वर्गात एक मावशी अशाच थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, आता कुठी नेऊ? टेबल तं सरला.” मी माऊस उचलून मध्ये ठेवायला सांगितले, तर त्यांना भीती वाटली की उचलला की बाणही उडून जाईल. तेवढ्यात शेजारच्या बाई बोलल्या, “धुऱ्यापाशी तिफन उचलून वळवतोच ना आपण, तसं कर.” तेव्हापासून मी हेच उदाहरण देतो. धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, पेरणीच्या तिफनीचे फण जमिनीतून उचलले की पेरणी थांबते, तसा माऊस टेबलावरून उचलला की बाण जागीच थांबतो, आणि खाली ठेवून सरकवला की तिथूनच पुढे चालू लागतो.

असे का होते, हेही दोन वाक्यांत सांगितले तर भीती जाते. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४ मध्ये बिल इंग्लिश यांनी जो पहिला माऊस बनवला, तो लाकडाचा ठोकळा होता आणि त्याच्या पोटाशी एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक चाक आडवी हालचाल मोजत असे आणि दुसरे उभी. चाक टेबलाला टेकलेले असेल तरच फिरणार, उचलल्यावर फिरणारच नाही. माझ्या वर्गात सुरुवातीला गोळीचे माऊस होते, त्यांचेही तत्त्व तेच. जिनिंग जवळ असल्यामुळे कापसाचा तंतू उडून गोळीच्या आतल्या दांड्यांवर बसायचा, बाण अडखळू लागायचा, आणि दर शनिवारी मी नखाने तो तंतू खरवडून काढत बसायचो. आजचा माऊस तळाशी उजेड टाकून टेबलाची बारीक चित्रे टिपतो आणि त्यांतल्या फरकावरून हालचाल ओळखतो. तंतूचा त्रास त्यामुळे गेला, पण काचेच्या किंवा फार गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागावर तो गोंधळतो. वाचनालयाच्या टेबलावर काच असेल तर माऊसखाली वहीचा साधा पुठ्ठा ठेवावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

दुसरा टप्पा क्लिकचा, आणि शब्दांनी होणारा सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. स्मार्टफोन वापरणाऱ्या बाईंच्या लेखी ‘क्लिक करणे’ म्हणजे फोटो काढणे. म्हणून मी ‘दाबा’ म्हणू लागलो, तर त्या दाबून धरूनच बसू लागल्या, कारण दाबा म्हटल्यावर सोडायचे कधी हे मी सांगितले नव्हते. “दाबलं ना जी,” असे त्या म्हणत आणि खरोखरच बोट दाबलेले असे. शेवटी ‘दाबून लगेच सोडा’ या तीन शब्दांवर मी स्थिरावलो. ते लांबट वाटेल, पण पहिले तीन दिवस पूर्णच म्हणावे आणि मग हळूहळू त्याच क्रियेला क्लिक म्हणावे. बटणाचा टक् असा आवाज ऐकवून ‘हा आवाज म्हणजे क्लिक’ असे सांगितले की तो शब्द पुन्हा विसरला जात नाही. टिचकी हा शब्द मलाही गोड वाटतो आणि मराठीत लिहिताना मी तो वापरतोही, परंतु आपल्याकडे टिचकी म्हणजे अंगठ्याला बोट अडकवून बाहेरच्या बाजूला मारायची. एका आजोबांनी ‘टिचकी मारा’ ऐकून माऊसला खरोखरच तशी टिचकी मारली होती आणि माऊस टेबलाखाली गेला होता.

‘राईट क्लिक’ हा तर दुहेरी सापळा आहे. आपल्याकडे राईट म्हणजे बरोबर, त्यामुळे काहींना वाटते की सर आपले क्लिक बरोबर आहे असे म्हणत आहेत. त्याऐवजी ‘उजवीकडे क्लिक करा’ म्हटले, तर बाण पडद्याच्या उजव्या बाजूला नेऊन तिथे डावे बटण दाबले जाते, आणि त्यांनी तंतोतंत आपले ऐकलेले असते. म्हणून ‘बाण तिथेच राहू द्या, आणि माऊसचे उजवे बटण मधल्या बोटाने दाबून सोडा’ असे पूर्ण वाक्य बोलावे. फोनवर एखाद्या चित्रावर बोट दाबून धरले की यादी उघडते, हे त्यांना माहीत असते. तेच काम इथे उजवे बटण करते, एवढी सांगड घालून दिली की पुरे.

डबल क्लिक हा सगळ्यात जास्त रडवणारा भाग आहे. विंडोजमध्ये मुळात दोन क्लिकमधले अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत असावे लागते आणि दोन्ही क्लिक जवळजवळ एकाच जागी पडावे लागतात. नवशिक्या बाई दुसऱ्यांदा दाबताना सगळा हात जोर लावून खाली आणतात, माऊस जरासा सरकतो, आणि फोल्डर उघडायच्या ऐवजी आयकॉन जागेवरून हलतो. दोन क्लिक अगदी सावकाश आणि नेमके आयकॉनच्या नावावर पडले, तर आणखी वेगळाच प्रकार होतो: नावाभोवती चौकट येते, नाव निळे होते, आणि घाबरून एखादी कळ दाबली गेली की फोल्डरचे नाव नुसते ‘क’ होऊन बसते. असे झाल्यास डाव्या वरच्या कोपऱ्यातली ‘एस्केप’ कळ दाबायला शिकवावे. नाव बदललेच असेल, तर ‘कंट्रोल’ धरून ‘झेड’ दाबल्याने ते पूर्ववत होते.

यावर माझे तीन उपाय आहेत. पहिला असा की तळहाताचा मागचा भाग टेबलावर टेकलेला राहिला पाहिजे आणि फक्त तर्जनी हलली पाहिजे. हे सांगून कळत नाही, त्यांच्या मनगटावर आपला हात हलका ठेवून दाखवावे लागते. दुसरा, कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसच्या खिडकीत डबल क्लिकचा वेग कमी करावा. तिथे एका पट्टीवरचा खटका ‘स्लो’च्या बाजूला नेला की दोन क्लिकमध्ये अधिक वेळ मिळतो. हे काम वर्गाआधी आपणच करून ठेवावे. तिसरा उपाय ज्यांना संधिवात आहे किंवा बोटे आखडतात त्यांच्यासाठी आहे: एकदा क्लिक करून आयकॉन निवडायचा आणि ‘एंटर’ दाबायचे, तो उघडतो. यात कमीपणा काहीच नाही.

डबल क्लिक जमले की उलटा आजार सुरू होतो, म्हणजे सगळीकडेच दोनदा दाबले जाते. ऑनलाइन अर्जातले बटण दोनदा दाबले गेले, तर काही वेळा अर्जही दोनदा जातो. त्यासाठी ढोबळ नियम सांगावा की डेस्कटॉपवरचे चित्र किंवा फोल्डरमधली फाइल उघडायची असेल तर दोनदा, आणि बटण, मेनू, इंटरनेटवरची ओळ, खालची पट्टी या बाकी सर्व ठिकाणी एकदाच.

धरून ओढणे शिकवायला पुष्कळ जण पत्त्यांचा खेळ देतात. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आला आणि पत्ते एका जागेहून दुसरीकडे नेता नेता लोकांचे हात बसले, हे खरे आहे. पण आपल्याकडे वाचनालयात बायका पत्ते खेळताना दिसल्या तर चार लोक चार गोष्टी बोलतील, आणि वर्ग दुसऱ्या दिवशी निम्मा होईल. मी संगणकातला चित्रे काढायचा ‘पेंट’ प्रोग्राम उघडून रांगोळी काढायला लावतो. पाच बाय पाच ठिपके आधी काढायचे, प्रत्येक ठिपका म्हणजे एक क्लिक, दाबून लगेच सोडलेला. मग एका ठिपक्यावर बटण दाबून धरायचे, दुसऱ्या ठिपक्यापर्यंत ओढत न्यायचे आणि तिथे सोडायचे. क्लिक आणि ओढणे यांतला फरक इथे डोळ्यांना दिसतो, कारण सोडायला उशीर झाला तर ठिपक्याचे शेपूट होते आणि बोट मध्येच सुटले तर रेघ तुटते. मी काही बोलायच्या आत त्या स्वतःच म्हणतात, “सुटलं.” पहिल्या रांगोळ्या वेड्यावाकड्याच येतात, पण संगणकाला घाबरणारी बाईसुद्धा रांगोळी वाकडी राहू देत नाही, त्यामुळे सराव आपोआप होतो. रंग भरायची बादली वापरताना रेघ कुठे तुटली असेल तर सगळ्या पडद्यावर रंग सांडतो. तेव्हा खूप हसणे होते, आणि ‘कंट्रोल-झेड’ हा उतारा कायमचा लक्षात राहतो.

आपल्या महिला फोन सराईतपणे वापरतात असे आपण लिहिले आहे. ती जमेची बाजू आहे, पण फोनच्या काही सवयी इथे आडव्या येतात. पहिल्या आठवड्यात त्या पडद्याला बोट लावतील. रागवू नये, फक्त बोट तिथेच ठेवून ‘आता बाण इथे आणा’ म्हणावे. फोनवर मजकूर खाली वाचत जायचे तर बोट वर सरकवावे लागते, आणि माऊसचे चाक मात्र आपल्याकडे, म्हणजे खाली फिरवावे लागते. हा उलटा हिशेब आधीच सांगून ठेवावा. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे फोनवर बोट एक तर टेकलेले असते किंवा नसते, परंतु माऊसचा बाण न दाबता नुसता एखाद्या गोष्टीवर नेता येतो. नुसता नेल्यानेही कित्येकदा त्या चित्राचे नाव उमटते. ‘दाबण्याआधी बाण नेऊन थांबा आणि बघा’ ही सवय लावली की चुका निम्म्या होतात.

थांबून बघण्यासारखे अजून एक आहे, ते म्हणजे बाणाचे रूप. बाण असेल तर मोकळी वाट, हाताचा पंजा असेल तर दाबल्यावर काहीतरी उघडणार, उभी बारीक दांडी असेल तर खाली लिहायची जागा आहे, गोल चक्र फिरत असेल तर संगणक कामात आहे आणि त्या वेळी पुन्हा पुन्हा दाबू नये. आता इथे एक शब्द मात्र काटेकोरपणे वापरावा अशी माझी विनंती आहे. पुष्कळ पुस्तकांत माऊसच्या बाणालाही कर्सर म्हणतात आणि लिहिण्याच्या जागी लुकलुकणाऱ्या रेघेलाही कर्सर म्हणतात. शिकणारीला यातून वाटते की बाण जिथे नेला तिथे अक्षर उमटेल. ती बाण ‘नाव’ या चौकटीवर नेते, क्लिक करत नाही, टंकायला लागते आणि अक्षरे भलत्याच चौकटीत जातात. मी बाणाला बाणच म्हणतो आणि कर्सर हा शब्द फक्त लुकलुकणाऱ्या रेघेसाठी राखून ठेवतो. बाण न्यायचा, एकदा दाबून सोडायचे, रेघ लुकलुकायला लागली की मगच लिहायचे, या क्रमाचा सराव कोऱ्या नोटपॅडवर न करता दोन-तीन चौकटी असलेल्या एखाद्या अर्जावर करून घ्यावा.

डेस्कटॉप, विंडो आणि फोल्डर हे तीन शब्द समजावताना आपल्याला एक अडचण जाणवेल, आणि ती भाषेची नसून व्यवहाराची आहे. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला, त्यात पडद्यावर कागदांची आणि फोल्डरची चित्रे मांडलेली होती, कारण तो ज्यांच्यासाठी होता ते लोक कचेरीत टेबलामागे बसून कागद हाताळत असत. पुढे १९८४ च्या मॅकिंटॉशने आणि नंतर विंडोजने हेच रूप घराघरात नेले. पडद्यावरचे ते पिवळे पाकीट पाहून कचेरीतल्या माणसाला आपला कपाटातला फोल्डर आठवतो, परंतु जिने आयुष्यात कधी टेबलखुर्चीचे काम केले नाही तिला ते पाकीट काहीच सांगत नाही. म्हणून गटाची पेटी समोर आणून ठेवावी. पेटीत हजेरीचे रजिस्टर, कर्जाच्या नोंदवह्या, पासबुके असतात. पेटी म्हणजे फोल्डर, रजिस्टर म्हणजे फाइल, आणि पेटी उघडून जे रजिस्टर काढायचे ते ज्या सतरंजीवर ठेवून वाचायचे ती सतरंजी म्हणजे डेस्कटॉप. हाच शब्द टेबलावर ठेवायच्या आख्ख्या संगणकालाही वापरतात, हेही सांगून टाकावे, नाहीतर ‘डेस्कटॉपवर ठेवा’ ऐकून पेन ड्राइव्ह संगणकाच्या डब्यावर ठेवला जातो. माझ्या वर्गात ठेवला गेला आहे.

विंडोचा अर्थ खिडकी, पण खिडकी म्हणून ती समजत नाही. एकावर एक ठेवलेली उघडी रजिस्टरे म्हटले की समजते. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या फुलीने रजिस्टर मिटते. छोट्या आडव्या रेघेने ते मिटत नाही, फक्त खाली सरकवून ठेवले जाते, आणि तळाच्या पट्टीवर त्याचे चिन्ह राहते. हे कळले नाही तर रजिस्टर हरवले असे समजून तेच पुन्हा पुन्हा उघडले जाते. मी एकदा एकाच पत्राच्या अकरा खिडक्या मोजल्या आहेत. तळाची पट्टी आणि स्टार्टचे बटण १९९५ च्या विंडोजपासून आहेत, पण २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये स्टार्ट कोपऱ्यातून निघून पट्टीच्या मध्ये येऊन बसले आहे. म्हणून ‘डावीकडे खाली दाबा’ असे जागेवरून न शिकवता चार चौकोनांच्या चिन्हावरून शिकवावे, म्हणजे उद्या बँकेतला नवा संगणक पाहून त्या गांगरणार नाहीत. आपल्या जुन्या यंत्रांवर विंडोज १० असेल, तर त्याचा नेहमीचा सुरक्षा-पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. माऊस शिकायला ती यंत्रे उत्तम आहेत, पण गटाचे बँकेचे व्यवहार मात्र त्यांच्यावर करू नयेत.

पुसण्याबद्दल थोडे सांगतो, कारण भीतीचे मूळ बहुधा तिथे असते. संगणकातली फाइल पुसली की ती आधी रिसायकल बिनमध्ये, म्हणजे कचरापेटीत जाते आणि तिथून परत काढता येते. हे बोलून न थांबता मुद्दाम एक रांगोळी पुसायला लावावी आणि परत आणवून घ्यावी. पेन ड्राइव्हवरची फाइल मात्र सहसा कचरापेटीत न जाता थेट जाते, ही सूचना त्याच दिवशी द्यावी. तसेच फाइल त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढून टाकली तर मूळ फाइलच तिकडे जाते, पण पेन ड्राइव्हवर ओढली तर नक्कल तिकडे जाते आणि मूळ जागेवर राहते. हा फरक न कळल्यामुळे ‘माझी फाइल गायब झाली’ ही तक्रार येते, आणि बहुतेक वेळा ती शेजारच्याच फोल्डरमध्ये सापडते.

दिवसांचा हिशेब आता करू. दहा महिला, दोन यंत्रे, एक तासाचा वर्ग म्हणजे एकीच्या वाट्याला माऊस बारा मिनिटे येतो, आणि उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटे ती दुसरीचा हात बघत बसते. शिकण्याला जितके दिवस लागतात असे आपण समजतो, त्यांतले बरेच या बसण्यातच जातात. पाच-पाच जणींच्या दोन तुकड्या कराव्यात, म्हणजे एका यंत्रावर दोघी किंवा तिघी येतील आणि प्रत्येकीला निदान वीस मिनिटे मिळतील. एकीने माऊस धरायचा आणि दुसरीने फक्त तोंडाने सांगायचे, हात लावायचा नाही, अशी शिस्त ठेवली तर सांगणारीचे शब्द पक्के होतात आणि धरणारीचा हात. या पद्धतीने माझ्याकडे फोन वापरणाऱ्या बायकांना बाण, क्लिक, ओढणे आणि खिडक्या इतके सराईतपणे करायला साधारण बारा ते पंधरा दिवस लागतात. वेचणीच्या दिवसांत वर्ग ठेवू नये. बोंडाच्या टोकांनी बोटे चिरलेली असतात आणि दिवसभर वाकून आलेल्या बाईला संध्याकाळी पुन्हा मान ताठ करून बसवणे बरे नाही. फेब्रुवारी-मार्च ठीक पडतो, फक्त वीज जाण्याची वेळ बघून घ्यावी आणि दर दहा मिनिटांनी ‘कंट्रोल-एस’ दाबून केलेले काम जतन करण्याची सवय लावावी.

आपली चाळीस शब्दांची यादी फेकू नका. तिच्यातले बारा शब्द निवडा: माऊस, बाण, क्लिक, डबल क्लिक, उजवे बटण, चाक, कर्सर, आयकॉन, फाइल, फोल्डर, खिडकी, फुली. जी क्रिया हाताने झाली, तिच्याच दिवशी तिचे नाव फळ्यावर लिहावे, आधी नाही. उरलेले शब्द पुढे काम पडेल तसे येतील.

राहिला डावखुऱ्या काकूंचा प्रश्न. माऊस नुसता उचलून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवावा आणि दोन दिवस बघावे. कित्येकांना बटणे न बदलताही मधल्या बोटाने डावे बटण दाबणे जमून जाते. जमले नाही तरच सेटिंगमध्ये मुख्य बटण उजवे करावे, म्हणजे त्यांची तर्जनी जिथे पडते तेच बटण कामाचे होईल. मात्र त्यानंतर त्यांच्यापुढे ‘उजवे बटण’ आणि ‘डावे बटण’ हे शब्द उलटे होतील, त्यामुळे सगळ्या वर्गालाच ‘पहिले बोट’ आणि ‘मधले बोट’ असे सांगावे. काकूंच्या नंतर त्याच यंत्रावर दुसरी कोणी बसणार असेल तर उठताना ते सेटिंग परत फिरवायचे, हे काम काकूंकडेच द्यावे.